नानांनी न प्यायलेली दारू

आमच्या नानांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही, आणि तरीही त्यांची दारू सुटल्याचा सोहळा धुळ्याला पाच-सहाशे माणसांसमोर थाटात पार पडला. त्या सोहळ्याने माझं ठरत आलेलं लग्न अडवून धरलं, म्हणून मला तो अजून अक्षरन् अक्षर आठवतो. नाहीतर आमच्या चर्चच्या मंडळीत सोहळ्यांना काही तोटा नव्हता.

नाना म्हणजे माझे वडील. जळगावला टपाल खात्यात होते. दिवसभर पत्रं गावांप्रमाणे वेगळी करायची आणि घरी आल्यावर शेंगदाणे सोलत ट्रान्झिस्टरवर क्रिकेट ऐकायचं, एवढाच त्यांचा संसार. बाकीचा आई बघायची. पाप म्हणाल तर सामना असला की ट्रान्झिस्टर कोटाच्या खिशात घालून ते उपासनेला यायचे आणि पाळकसाहेबांची लांबलचक प्रार्थना सुरू झाली की हळूच कानाला लावायचे. एकदा प्रार्थनेत आपली विकेट पडली आणि नाना कळवळून "अरेरे!" म्हणाले. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, नानांना पश्चात्ताप झाला. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवून अश्रू ढाळले.

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गावाने विहीर बंद केली, भाऊबंदांनी तोंड फिरवलं, वगैरे. आमच्यापर्यंत येईतो काहीच उरलं नव्हतं. आणि ही मोठी अडचण होती, कारण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्यात साक्षीला भलताच भाव आला होता. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आपण आधी किती वाया गेलो होतो आणि मग प्रभूने हाताला धरून कसं बाहेर काढलं, हे चारचौघांत उभं राहून सांगायचं, आणि लोकांनी "हालेलूया" म्हणायचं, ती आमची साक्ष. रिवाज चांगला आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. खरोखर बुडालेला माणूस उठून अडखळत बोलायला लागला की माझ्याही अंगावर काटा येतो.

पण झालं काय, की रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायला लागली आणि आमचं चर्च ओस पडलं. हसू नका. निम्मी मंडळी शेजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीने बसून युद्ध बघायची. पाळकसाहेबांनी आधी त्यावर कडक उपदेश केला. मग उपासनेची वेळ गुपचूप आठची केली. मग एका रविवारी आशीर्वाद फारच घाईघाईने उरकला आणि पाच मिनिटांत त्यांच्याच घरातून शंखाचा आवाज आला, तेव्हा सगळ्यांनीच समजून घेतलं. आता टीव्हीशी टक्कर द्यायची तर आपल्याकडेही राक्षस हवेत की नकोत? ते साक्षीतून मिळायचे. माणूस आधी जितका नालायक, तितकी त्याची साक्ष दणदणीत. मटकेवाले, जुगारी, पाकीटमार यांना पहिल्या रांगेतल्या खुर्च्या. नानांसारखी जन्मभर सरळ वागलेली माणसं सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला.

त्या साली मी सव्वीस वर्षांची होते आणि नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. सव्विसाव्या वर्षी बिनलग्नाची मुलगी म्हणजे आमच्याकडे प्रार्थनेचा विषय. अगदी नाव घेऊन प्रार्थना व्हायची, मी समोर बसलेली असताना. अशात धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजच्या ऑफिसात कारकून. त्याचे वडील धुळ्याच्या मंडळीच्या पंचकमिटीचे प्रमुख, ज्यांना सगळे आबा म्हणत. पांढरेशुभ्र कपडे, चहासुद्धा न घेणारे, खणखणीत आवाजात प्रार्थना करणारे. त्यांचं नाव काढलं की लोक आपोआप सरळ बसत.

बघायला आले तेव्हा आबांनी पहिला प्रश्न नानांना केला, "तुमचं मूळ कुठलं?" नानांनी गावाचं नाव सांगितलं. आबा म्हणाले, "गाव नव्हे हो. मूळ." आमच्यात जात नसते. फक्त मूळ असतं, आणि ते चहाच्या आधी विचारतात. आमचं आणि त्यांचं मूळ एकच निघालं तेव्हा आबांचा चेहरा खुलला आणि मग ख्रिस्तात आपण सारे कसे एक आहोत यावर ते बराच वेळ बोलले.

मुलगा मला आवडला होता. हे सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट कळेल. हळू बोलायचा. चहा झाल्यावर आपली कपबशी त्याने स्वतः उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. खानदेशात पाहुणा आलेला नवरामुलगा स्वतःची कपबशी उचलतो! मी तिथेच पाघळले. रात्रंदिवस देवाला विचारून घ्यायचा निर्णय मी एका कपबशीवर घेऊन मोकळी झाले. मागणीची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख जानेवारीत धुळ्याच्या वार्षिक सभेनंतर ठरवू, असं आबा म्हणाले आणि आम्ही सगळे डोळे मिटून आमेन म्हणालो.

सभा तीन दिवसांची असायची. मोठा मांडव, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मागे चुलाणावर भाजीचं पातेलं. त्या वर्षी परदेशातून दोन पाहुणे आले होते आणि त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा होता. कॅमेऱ्यामुळे सगळ्यांची भक्ती एकदम वाढली. एरवी पेंगणारी माणसं हात वर करून गात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी साक्षीची वेळ ठेवलेली. त्यासाठी सोनगीरकडचा एक सुधारलेला दारुडा खास बोलावला होता. याआधी चार सभांमध्ये त्याने साक्ष दिली होती आणि दर सभेत ती चांगली रंगत गेली होती. दोन वाजले तरी तो आला नाही. मग कुणीतरी बातमी आणली, की तो एसटी स्टँडवर उतरला तर होता, पण तिथून थेट जुन्या अड्ड्यावर गेला आणि आता त्याला उठवणं शक्य नाही.

आबांची धांदल उडाली. कॅमेरा लागलेला, पाहुणे पेन उघडून बसलेले, आणि राक्षसच गैरहजर! आबा मांडवाच्या मागे आले. तिथे मी माठ भरत होते आणि नाना एका बाजूला उभे राहून शेंगदाणे खात होते.

"नाना, तुम्ही उभे राहा साक्षीला," आबा म्हणाले.

"मी? मी काय सांगू, आबा? मी तर पाळण्यात होतो तेव्हापासून मंडळीत आहे."

"कधीच घेतली नाही?"

नानांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एकदा खोकल्याचं औषध जास्त घेतलं होतं. दुपारभर झोपलो."

"तेच जरा वाढवून सांगा," आबा म्हणाले. "प्यायचो म्हणा. बायकोवर हात टाकायचो म्हणा. अहो, अर्ध्या मांडवाच्या घरी तेच चाललंय, लोकांना आपलं वाटेल. प्रभूच्या कामासाठी आहे. यात खोटं ते काय?"

नानांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नाही, आणि हे तर होणारे व्याही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं असेल? मी हसले. मला ती मोठी गंमत वाटली. तेव्हाच "नाना, नको" म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, आणि ते न म्हटल्याची लाज मला अजून वाटते.

नाना सुरुवातीला पुटपुटत होते. "मी... म्हणजे... थोडी घ्यायचो." मागून आबांनी मोठ्याने "हालेलूया!" ठोकून दिला. मांडवाने उचलून धरला. नानांनी मान वर केली. त्या क्षणी त्यांना काहीतरी झालं. घरी त्यांचं वाक्य आई पुरं होऊ देत नसे, ऑफिसात पत्रं काही बोलत नसत, आणि इथे पाच-सहाशे माणसं श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. झालं! नाना सुटले. आधी गावठी प्यायली, मग इंग्लिश प्यायली. ताट भिरकावलं. आईला केसांना धरून ओढलं. तान्ही मी पाळण्यात रडत असताना आईला घराबाहेर काढून कडी लावली. मी तर ऐकतच राहिले. हे सगळं त्यांनी आणलं कुठून? मग लक्षात आलं. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं. नानांनी शेंगदाणे सोलता सोलता वीस वर्षं भिंतीपलीकडचं ऐकलेलं होतं, तेच सगळं ते आता स्वतःच्या नावावर सांगत होते. शेवटी एक दिवस पत्रं वेगळी करताना प्रभूचा आवाज आला आणि हातातली बाटली गळून पडली. सरकारी टपाल कचेरीत, भर ड्यूटीवर बाटली! पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुभाष्या रडत होता, पाहुणे रडत होते, कॅमेरेवाला एका डोळ्याने रडत होता.

बायकांच्या बाजूला माझी आई बसली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी आणून दिलं, आणि एका बाईने तर आईच्या बांगड्या वर सरकवून मनगटावर वळ शोधले. आई अमळनेरकडची. एरवी शहरात राहून शहरातलं बोलायची, पण राग आला की माहेरची बोली बाहेर पडायची. घरी आल्यावर आठ दिवस तिने नानांना फाडून खाल्लं. "माले मारं कवय, ते माले तरी सांगा! दिवस तरी सांगा त्या मारना!" नाना बिचारे कोपऱ्यात. तिला खोटं बोलल्याचा तितकासा राग नव्हता. ती ज्यांच्या समोर मान वर करून चालायची त्या बायकांनी तिची कीव केली, हे तिला झोंबलं होतं.

पंधरा दिवसांनी आबांचं पत्र आलं. अक्षर सुंदर. 'आपल्या पूर्वायुष्याबद्दल मंडळीत चर्चा आहे. ज्या घरात असे प्रकार घडले त्या घरची मुलगी आणताना चार बाजूंनी विचार करावा लागतो. आम्ही प्रार्थना करत आहोत.' आमच्यात लग्नाच्या बाबतीत 'प्रार्थना करत आहोत' याचा अर्थ सरळ असतो. दुसरी मुलगी बघत आहोत.

मी ते पत्र तीनदा वाचलं. ज्या माणसाने शिकवून बोलायला लावलं, तोच आता ऐकून दचकला होता! नाना त्याच दिवशी रजा टाकून धुळ्याला गेले आणि संध्याकाळच्या गाडीने तोंड पाडून परत आले. आबा त्यांना म्हणाले होते, "मला ठाऊक आहे हो तुम्ही निर्व्यसनी आहात. पण लोकांना ठाऊक नाही ना." नाना म्हणाले, "मग मी लोकांसमोर उभं राहून खरं सांगून टाकतो." तर आबा उसळले. "भलतंच काय! पाहुण्यांनी ती टेप तिकडे नेली. तिथल्या लोकांनी ती बघून प्रार्थना केली. आता तुम्ही खोटं म्हणाल तर प्रभूने केलेल्या तारणाची काय इज्जत राहील?" म्हणजे नाना प्यायले होते म्हणून माझं लग्न होत नव्हतं, आणि नाना प्यायले नव्हते हे सांगायची मनाई. मी रोज शाळेत जाऊन मुलांना शुद्धलेखन घालत होते आणि घरी येऊन टपालाची वाट बघत होते. मुलाची एक ओळही आली नाही. मला वाटलं, तो बिचारा बापासमोर काय बोलणार.

मग महिन्याभराने निरोप आला, की आबांच्या घरून अक्का येऊन घर बघून जातील आणि काय ते ठरवतील. अक्का म्हणजे मुलाची आई. आईने कंबर कसली. शनिवारी सकाळपासून वांगी भाजून भरीत केलं, कळण्याच्या भाकरी केल्या, नानांना शेजारी पिटाळलं आणि गल्लीतल्या दोन बायकांना सांगून ठेवलं, की हाक मारली की यायचं आणि आमच्या ह्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही हे सांगायचं. आईचा साक्षीवर विश्वास उडाला होता; तिला साक्षीदार हवे होते.

अक्का एकट्याच एसटीने आल्या. बारीक चणीच्या, डोक्यावर पदर, बोलताना समोरच्याकडे न बघणाऱ्या. आमच्या रिवाजाप्रमाणे "सलाम" म्हणाल्या आणि खाली मान घालून बसल्या. घर त्यांनी बघितलंच नाही. आईने माझं शिवणकाम दाखवलं, तिकडे लक्ष नाही. भरिताचे दोन घास खाल्ले आणि मला म्हणाल्या, "पोरी, जरा बाहेर बसशील का?" मी बाहेर गेले आणि दाराआड उभी राहिले. कान देऊन ऐकणं हे पाप असेल तर असो. माझं लग्न होतं.

"विहीणबाई, एक विचारू?" आत अक्का म्हणाल्या. "रागावणार नाही ना? त्यांचं थांबलं कसं?"

"कशाचं?" आईने विचारलं.

"मारणं. नानांचं. तुम्ही प्रार्थना कुठली केलीत? उपास किती दिवसांचा धरला होता? मी एकोणतीस वर्षं करते आहे. शुक्रवारचा करते, बुधवारचा करते. आमच्यांचं थांबत नाही." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, दुकानात भाव विचारावा तसा. "त्या दिवशी मांडवात नानांनी सांगितलं, आणि मला वाटलं, म्हणजे थांबतं. कुणाचं तरी थांबलं. म्हणून मीच यांच्या मागे लागले, की मला पाठवा, मी घर बघून येते."

चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला तरी आई उठली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "अक्का, यास्नी माले कधी हात लाया नही. ते बठ्ठं खोटं व्हतं."

"सगळं?"

"बठ्ठं."

"असं होय," अक्का म्हणाल्या. "म्हणजे थांबलेलं एकही घर नाही."

मला रडू आलं नाही, संताप आला. आबांचा आला, नानांचा आला, आणि माठ भरता भरता हसलेल्या माझाही आला. चहासुद्धा न घेणारा हा माणूस! 'बायकोवर हात टाकायचो म्हणा' हे त्याला किती सहज सुचलं होतं, आणि आम्ही समजलो, की प्रभूच्या कामासाठी सुचलं. मी दार ढकलून आत गेले आणि सगळी रीतभात सोडून विचारलं, "अक्का, आणि तुमचा मुलगा?"

त्या ताटाकडे बघत राहिल्या. "तो हात नाही टाकत," त्या म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. "त्याच्या बापाचं सुरू झालं की तो टेपवर गीतं लावतो. मोठ्याने. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. नंतर मला पाणी आणून देतो आणि म्हणतो, आई, तूच त्यांना चिडवतेस."

मग आई म्हणाली, "मनी पोर त्या घरमा नही."

अक्कांनी मान हलवली. त्यांना सुटल्यासारखं झालेलं दिसलं. म्हणाल्या, "मी तेच सांगणार होते. पण तुम्ही नकार कळवू नका, नाहीतर यांना वाटेल मीच काही बोलले. मी सांगते, मुलगी मला पसंत पडली नाही. रंगावर ढकलते." आईने त्यांना ठेवून घेण्यासाठी हात धरला, "चार दिन आठेच ऱ्हा," म्हणाली. अक्का म्हणाल्या, "उद्या रविवार. चर्चमधली फुलं मलाच ठेवायची असतात." मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना त्या एवढंच बोलल्या, "नोकरी सोडू नकोस हं." आणि खिडकीतून माझ्या गालाला हात लावला.

नानांना आईने सगळं सांगितलं. त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "ती समोर बसून ऐकत होती. आणि मी हालेलूया मोजत होतो." दोन दिवस त्यांनी ट्रान्झिस्टर लावला नाही. तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, की पुढच्या रविवारी मी धुळ्याला जाणार आणि खरं सांगणार. आई म्हणाली, जा, पण तिचं नाव घ्याल तर घरात पाऊल ठेवू नका. मी म्हणाले, नाना, नका जाऊ, आपलं मन मोकळं होईल आणि मार त्या खातील. नाना म्हणाले, "मार ती आजही खातेच आहे, बेटा." पहिल्यांदाच नाना माझ्याशी असे ठामपणे बोलले. आम्ही तिघंही गेलो.

त्या रविवारी धुळ्याचे पाळकसाहेब परगावी होते आणि उपासना आबाच चालवत होते. वेदीपुढे शेवंतीची फुलं नीट रचलेली. नाना पुरुषांच्या बाजूला, मी आणि आई बायकांच्या बाजूला मागे. अक्का तिसऱ्या बाकावर. आम्हाला बघून त्यांनी मान खाली घातली. मुलगा खिडकीशी बसला होता. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून आले होते आणि बघत होते.

दोन गीतं झाल्यावर आबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" नाना उभे राहिले. आबांचा चेहरा एकदम आक्रसला. "नाना, आज वेळ जरा कमी आहे," ते म्हणाले.

"मला थोडाच पुरतो," नाना म्हणाले. "मी कधी दारू प्यायलो नाही. मी बायकोला कधी मारलं नाही. सभेत सांगितलं ते खोटं होतं. मला सुचवलं दुसऱ्याने, पण बोललो मी, आणि लोक ऐकायला लागले तेव्हा मला बरं वाटलं. म्हणून मी वाढवत गेलो. मला क्षमा करा." कुणी हालेलूया म्हणालं नाही. "पण मी जे सांगितलं ते कुणाच्या तरी घरी आजही होतं आहे. इथे बसलेल्यांच्या घरी. ज्याच्या घरी होतं आहे त्याने उभं राहावं. त्याला एकट्याने उभं राहावं लागू नये, म्हणून मी बसत नाही."

पुरुषांच्या बाजूला सगळ्यांना एकाएकी गीतांच्या पुस्तकात फार काही सापडलं. मी आजवर मंडळीत इतका मन लावून चाललेला अभ्यास पाहिला नव्हता. नाना एकटेच उभे. मग आबांनी दोन्ही हात वर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आपण प्रार्थना करू."

सगळ्यांनी पटापट डोळे मिटले. हा आमचा रिवाज फार सोयीचा आहे. आबांनी देशासाठी प्रार्थना केली, पावसासाठी केली, मंडळीच्या ऐक्यासाठी केली, आणि सैतान भोळ्या माणसांच्या तोंडून कसा बोलतो त्याबद्दलही प्रभूला कळवलं. मी डोळे मिटले नाहीत. त्यामुळे मला दिसलं, की तिसऱ्या बाकावर अक्का उभ्या राहत होत्या. एका हाताने पुढच्या बाकाची पाठ धरून त्या सावकाश उठल्या, पदर नीट केला आणि ताठ उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईला बाक हलल्याचं कळलं. तिने डोळे उघडले, बघितलं आणि पलीकडच्या बाईला कोपर मारलं. एकेक करत बायकांच्या बाजूचे डोळे उघडत गेले. मग पुरुषांच्या बाजूचे.

खिडकीशी बसलेल्या मुलानेही डोळे उघडले. आईला उभी पाहिली. नीट पाहिली. आणि पुन्हा मिटून घेतले. माझ्या मनात त्याच्यासाठी उरलंसुरलं जे काही होतं ते तिथे संपलं. मला वाटलं होतं तेवढं दुखलंही नाही.

एवढ्या माणसांत फक्त आबांनाच काही दिसत नव्हतं. त्यांची प्रार्थना लांबत चालली होती. अखेर ते "आमेन" म्हणाले. मागोमाग कुणाचंच आमेन आलं नाही, म्हणून त्यांनी डोळे उघडले. पुरुषांच्या बाजूला नाना उभे होते, बायकांच्या बाजूला अक्का.

"बस खाली," आबा म्हणाले.

अक्का बसल्या नाहीत.